हायपर लाइट ड्रिफ्टर सुरुवातीलाच इतका अवघड का जातो?

प्रश्न असा आहे: "दादा, सेलमध्ये हायपर लाइट ड्रिफ्टर घेतला. चित्रं बघूनच वेडा झालो, पण गावातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत मरायलोय. लेव्हल वाढवायची सोय दिसत नाही, कुणी काही बोलत नाही, नकाशा कळत नाही. होस्टेलवरचे म्हणायलेत की हा गेम की-बोर्डवर खेळताच येत नाही. माझा हातच कमी पडायलाय का गेमच असा आहे? सुट्टीत परभणीला घरी आहे, लॅपटॉप जुना आहे."

हाताचं नंतर बघू. तू लिहिलंयस त्यावरून अडचण डोळ्याची वाटते, आणि थोडी लॅपटॉपचीही. मी छत्रपती संभाजीनगरात गेमसाठी पिक्सेल ॲनिमेशन करतो. स्प्राइट, म्हणजे गेममधल्या पात्राचं छोटं चित्र, हलवायला शिकायला पोरं येतात, त्यांच्यापुढे मी सर्वात आधी हाच गेम ठेवतो. शत्रू आता काय करणार हे नुसत्या चित्रातून कसं सांगायचं, ते इथं फार स्वच्छ दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लॅपटॉपचं उरकू, कारण ते अर्ध्या तासात सुटणारं काम आहे. मे महिन्यात परभणीत पारा ४२ अंशांच्या पुढं जातो. दुपारी स्लॅबखालच्या खोलीत गादीवर ठेवलेला जुना लॅपटॉप तापला की त्याचा प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर खेळत राहिलास तर तेव्हाही बहुतेक लॅपटॉप वीज वाचवायला वेग कमी करतात. पत्त्यांच्या गेममध्ये हे जाणवणारही नाही. इथं सेकंदाला ६० फ्रेम पळतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. मधल्या चार-पाच फ्रेम गळाल्या तर शत्रूनं वार करण्याआधी दिलेला इशाराच त्यांच्याबरोबर जाऊ शकतो, आणि तुला वाटतं आपणच उशीर केला. तेव्हा लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेव, हवेची जाळी मोकळी राहू दे, चार्जर लाव, पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर कर आणि शक्यतो सकाळी लवकर किंवा रात्री खेळ. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नको. ती दमट हवा आत गेली की नवीनच दुखणं मागं लागतं.

दुसरी गोष्ट स्क्रीनची. या गेमचं मूळ चित्र फक्त ४८० × २७० पिक्सेलचं आहे. फुल एचडी पडद्यावर ते बरोबर चौपट होतं, १९२० × १०८०, त्यामुळं प्रत्येक पिक्सेल सारख्या आकाराचा चौकोन होऊन बसतो. जुन्या स्वस्त लॅपटॉपचा पडदा मात्र बहुतेक वेळा १३६६ × ७६८ चा असतो. ७६८ ला २७० नं भागून बघ, २.८४ येतं. आता पिक्सेल काही अडीच-पावणेतीन ठिपक्यांचा होऊ शकत नाही. मग काहींच्या वाट्याला तीन ठिपके येतात, काहींच्या वाट्याला दोन, आणि पात्र चालायला लागलं की कडा थरथरल्यासारख्या दिसतात. छोट्या स्प्राइटमध्ये एका पिक्सेलच्या हालचालीलाही अर्थ असतो, म्हणून ही थरथर खेळाला त्रास देते. विंडोत ९६० × ५४० वर खेळता आलं तर बघ. चित्र लहान होईल, पण बरोबर दुप्पट असेल. घरच्या टीव्हीला जोडणार असशील तर टीव्हीचा गेम मोड चालू कर, नाहीतर चित्र सजवण्याच्या नादात टीव्ही उशिरा दाखवतो आणि बटण दाबल्यावर मधे एक फट पडते.

की-बोर्डवर खेळता येत नाही, हे होस्टेलवाल्यांचं म्हणणं मला पटत नाही. माऊसनं बंदुकीचा नेम उलट सोपा जातो. कंट्रोलरच्या स्टिकवर तिरकं निसटणं मोकळं मिळतं, एवढाच फरक. कंट्रोलर हाताशी असेल तर वापर, नसेल तर त्यासाठी पैसे घालू नको.

आता गेमकडे. हायपर लाइट ड्रिफ्टर हे लॉस एंजेलिसच्या हार्ट मशीनचं काम. ॲलेक्स प्रेस्टन या माणसानं २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर २७,००० डॉलर मागितले आणि लोकांनी ६ लाख ४५ हजारांहून जास्त दिले. ३१ मार्च २०१६ ला गेम बाहेर आला. बनवला गेममेकर या सॉफ्टवेअरमध्ये, ज्यावर आपल्याकडची कॉलेजची पोरंही हात साफ करतात. सुरुवातीला तो सेकंदाला ३० फ्रेमच दाखवायचा, ६० नंतरच्या अपडेटनं आले. त्यामुळं अगदी सुरुवातीच्या काळातले जुने व्हिडिओ बघून टायमिंग शिकायला जाऊ नको.

प्रेस्टनला जन्मापासून हृदयविकार आहे, आणि हे त्यानं उघडपणे सांगितलेलं आहे. तुझा नायक पहिल्याच भागात खोकत रक्त ओकतो, कोसळतो आणि दुसऱ्या एका ड्रिफ्टरच्या घरी शुद्धीवर येतो, ते त्यातून आलंय. मी हे उगीच सांगत नाही. अंगात जीव फक्त पाच चौकटींएवढा, औषधाच्या डब्या मोजक्या आणि औषध घ्यायलाही क्षणभर थांबावं लागतं. हे सगळं त्या आजारी देहाशी जुळतं. बाकीच्या गेमांत आपण आडदांड असतो आणि चार फटके खाऊन पुढं घुसतो. इथं तो स्वभाव घेऊन गेलास की दोन मिनिटांत आडवा होतोस.

आता मुख्य मुद्दा. डोळ्यांनी काही बघून हाताला हुकूम जाईपर्यंत चांगल्या खेळाडूलाही २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. शत्रूची तलवार फिरताना दिसल्यावर बटण दाबून वाचणं कुणालाच जमत नाही, तुला काय आणि मला काय. म्हणून ॲनिमेशन करणारा प्रत्येक हल्ल्याच्या आधी एक तयारी काढतो: हात मागं जाणं, अंग दबणं, रंगाची झळक. समज ही तयारी २० फ्रेमची आहे. ती सुरू होताच तू ओळखलीस तर प्रतिक्रियेचे १२-१५ वजा जाऊन पाच-आठ फ्रेम हाताशी उरतात, आणि निसटायला तेवढ्या पुरतात. तयारीच्या मध्यावर लक्ष गेलं तर काहीच उरत नाही. बोटं तितक्याच वेगानं चालतात, फरक फक्त नजर कुठं होती याचा असतो.

मोठ्या थ्रीडी गेममध्ये ही तयारी दाखवायला चेहरा असतो, बोटं असतात, कपड्यांच्या चुण्या असतात. इथं पात्राच्या अख्ख्या अंगाला मोजके पिक्सेल. चेहरा जवळपास नाहीच. मग ॲनिमेटरकडं उरतं काय? पात्राची बाह्याकृती, रंग आणि थांबा. बाह्याकृती बदलली की समजायचं काहीतरी येतंय. माझ्याकडं येणारी पोरं आधी डोळे-नाक काढण्यात वेळ घालवतात. मी त्यांना आख्खं पात्र काळ्या रंगानं भरायला लावतो आणि विचारतो, आता हा उडी मारणार का वार करणार ते सांग. सांगता आलं तर ॲनिमेशन चांगलं. या गेमचे बहुतेक शत्रू त्या परीक्षेत पास होतात.

करून बघण्यासारखं एक सांगतो. गावातून पूर्वेला जा. तो पाणथळ भाग आहे, तिथं बेडकासारखे शत्रू भेटतात. त्यातला एकटा सापडेल असा बघ आणि त्याला मारू नको. तलवारीच्या बटणावरून बोट काढूनच ठेव. चार-पाच पावलांचं अंतर राखून त्याच्याभोवती नुसता फिर. उडी घेण्याआधी तो खाली बसतो, अंग चपटं आणि रुंद होतं. मग झेप. मग जमिनीवर आदळणं, आणि त्यानंतर एक छोटीशी मुदत जेव्हा तो काहीच करत नाही. ही मुदत तुझी. झेपेच्या वेळी मागं पळालास तर तो जवळच उतरतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. बाजूला डॅश केलंस, म्हणजे झपकन निसटलास, तर तो तू होतास तिथं उतरतो आणि तू त्याच्या बगलेला असतोस. हे नुसतं बघत राहा, कंटाळा येईपर्यंत. मग तलवार उचल.

तलवारीचंही एक गणित आहे. बटण दाबत राहिलास तर लागोपाठ तीन वार होतात, आणि तिसऱ्यानंतर नायकाला सावरायला वेळ लागतो. नवा माणूस तिन्ही वार मारतो, कारण बटण दाबायला बरं वाटतं, आणि तिसऱ्याच्या मागच्या त्या अडकलेल्या क्षणात दुसरा शत्रू त्याला गाठतो. एकटा शत्रू असेल आणि तिसऱ्या वारात मरणार असेल तरच तिसरा मार. घोळक्यात दोन वार आणि डॅश, दोन वार आणि डॅश. ही एक सवय लागली की तुझी पहिल्या भागातली निम्मी मरणं कमी होतील असं मला वाटतं.

बंदुकीच्या गोळ्या जमिनीवर सापडत नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तलवारीनं घाव घातले की बंदूक भरते. माझ्या मते अख्ख्या गेममधली सर्वात हुशार रचना हीच आहे. लांबून लढायचा हक्क तू जवळ जाऊनच कमावतोस. कोपऱ्यात उभं राहून गोळ्या झाडणारा माणूस थोड्याच वेळात रिकाम्या हातानं उरतो, आणि अंगावर धावणाऱ्यालाही मधेच श्वास घ्यायला लांबचा वार मिळतो. कुणी काही न सांगता, एका नियमातून खेळाडूला पुढं-मागं हलवत ठेवलंय. गेम बनवायची इच्छा असेल तर असे नियम वहीत लिहून ठेव.

डॅशचं अंतर ठरलेलं आहे, कमी-जास्त होत नाही. हे अंतर डोळ्यात बसायला हवं, कारण कड्यावरून चुकीचा डॅश मारलास तर खाली पडतोस. गावात मोकळ्या जागेत फरशी बघून बघून मार, काही वेळात अंदाज येतो. गिअर बिट, म्हणजे या गेममधले पैसे, गोळा होतील तसे गावातल्या दुकानांत खर्च करता येतात. माझं मत विचारशील तर पहिला खर्च डॅशवर कर, लागोपाठ डॅश मारता येण्याच्या शिक्षणावर. नंतर तलवारीनं गोळी परतवण्याचं. बॉम्ब आणि बाकीचं मागाहून बघता येईल. डॅशच्या दुकानात सलग ८०० डॅशचं एक आव्हानही आहे, त्याच्या नादी सध्या लागू नको. तिथं लय शिकण्यापेक्षा अंगठा दुखतो.

लेव्हल वाढत नाही ही तुझी तक्रार मला समजते. ॲक्शन आरपीजी, म्हणजे लढत लढत पात्राची ताकद वाढवत नेण्याचा गेम, म्हटलं की आपल्याला वाटतं, अडलं तर मागं जाऊन शंभर किडे मारू, अंगात बळ येईल, मग बॉस, म्हणजे त्या भागाचा मोठा शत्रू, पाडू. हा गेम तो रस्ता बंद करतो. शत्रू मारून अनुभवाचे गुण मिळत नाहीत. बिट शोधून जे विकत घेतोस त्यानं नवीन चाली मिळतात, तलवार काही दुप्पट धारदार होत नाही. भूमिका वाढवत नेण्याची मजा यात कमी आहे, आणि त्यासाठीच घेतला असशील तर निराशा होणार हे आत्ताच सांगतो. तसं हवं असेल तर जर्मनीच्या रॅडिकल फिश गेम्सचा २०१८ चा क्रॉसकोड बघ. पिक्सेल आर्टच, पण लेव्हल आहे, सामान-सुमान आहे, भरपूर बोलणारी माणसं आहेत. शिवाय शत्रूंचा मार किती बसावा, हल्ले किती वेळा व्हावेत हे सेटिंगमधून कमी करता येतं.

मरण्याबद्दलही एक सांगायचंय. स्पेनमधल्या सेव्हिलच्या द गेम किचननं २०१९ मध्ये ब्लास्फेमस काढला. तिथं मेलास की त्या जागी तुझ्या अपराधाचा तुकडा मागं राहतो आणि तो परत आणेपर्यंत तुझी एक ताकद कमी पडते. मरणाला किंमत आहे, म्हणून तिथं माणूस दबकत चालतो. ड्रिफ्टरमध्ये मेलास की जवळच्याच जागी परत उभा राहतोस, खिशातले बिट तसेच. जिथं मरण फुकट आहे तिथं ते वापरायला शिकावं. एखाद्या खोलीत पहिल्यांदा शिरताना मी जिंकायला जात नाही. शत्रू किती, कुठून येतात, कोण लांबून मारतो, कोण अंगावर धावतो, एवढं बघतो आणि मेलो तर मेलो. दुसऱ्या वेळी लांबून मारणाऱ्याला आधी संपवतो, कारण त्याच्याकडं पाठ करून जवळच्याशी लढता येत नाही.

कुणी बोलत नाही म्हणतोस, तर बोलतात की. फक्त अक्षरं नाहीत. गावातल्या माणसाजवळ गेलास की त्याच्या डोक्यावर चित्रं उमटतात: त्याचं गाव, कोण आलं, कोण मेलं, तो कसा पळाला. पहिल्यांदा आपण सवयीनं बटण दाबून पुढं ढकलतो. तसं करू नको. पूर्वेकडच्या माणसांची चित्रं नीट बघितलीस तर तो प्रदेश असा का झाला आणि तिथल्या बेडकांशी आपलं काय वैर, ते कळतं, आणि मग बॉसच्या खोलीत शिरताना वेगळंच वाटतं.

अशी चित्रकथा वाचायची सवय आपल्या भागाला नवी नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका गोष्टीची, भिंत आहे. चौकटी नाहीत, खाली मजकूर नाही, तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. तो कुठं कुठं दिसतो हे शोधत गेलं की गोष्ट उलगडते: कुठं निरोप, कुठं रथ, कुठं दान. पोरांना मी तिथं घेऊन जातो तेव्हा गाइडला थोडा वेळ थांबायला सांगतो आणि त्यांना आधी नुसतं बघू देतो. माणसाची ओळख कपडे, रंग आणि ठेवणीवरून पटवणं, प्रसंग बदलला हे दिशा बदलून सांगणं, ही कामं चित्रकाराला तेव्हाही करावी लागत होती आणि चार रंगांच्या छोट्या चौकटीत आजही करावी लागतात. परभणीहून एका दिवसात जाऊन येणं धावपळीचं होईल, पण कधी संभाजीनगरला मुक्कामी आलास तर ती भिंत बघच.

नकाशाबद्दल मात्र मी तुझ्या बाजूनं आहे. तो वाईट आहे. जमिनीच्या वरचे आणि खालचे मजले त्यात नीट वेगळे पडत नाहीत, आणि तू नेमका कुठं उभा आहेस ते हवं तितकं स्पष्ट होत नाही. न बोलता सांगण्याचा हट्ट इथं खेळाडूच्या मुळावर येतो. भिंतीवर किंवा जमिनीवर कोरलेली बारीक चिन्हं दिसतात, ती लपलेल्या वाटेची खूण असते. नकाशा उघडण्यापेक्षा ती शोधायची सवय लाव. दुसरी तक्रार अशी की पुढच्या बाजूची झाडं, खांब, पडझड काही ठिकाणी शत्रूला झाकून टाकतात. चित्र म्हणून ते देखणं आहे, पण वाचता येणं हीच ज्या गेमची ताकद आहे त्यानं स्वतःच पडदा ओढावा हे मला पटत नाही. अशा जागी लढू नको. शत्रूला मोकळ्यात ओढून आण, ते पाठलाग करत येतात.

संगीताबद्दल एवढंच, की ते डिझास्टरपीस या नावानं काम करणाऱ्या रिचर्ड व्रीलँडचं आहे आणि हेडफोन लावून खेळ. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत, आणि पडद्याबाहेरच्या शत्रूची चाहूलही बऱ्याचदा कानालाच आधी लागते.

आता क्रम. गावातून उत्तर, पूर्व, पश्चिम अशा तीन वाटा मोकळ्या दिसतात आणि कुठं जायचं हे गेम सांगत नाही. पहिल्यांदा खेळणारा वर जाणारी वाट दिसली म्हणून उत्तरेला चढतो, आणि मला वाटतं तुझंही तेच झालं असावं. उत्तरेचे डोंगर सुरुवातीला नको. तिथले पक्ष्यांसारखे शत्रू लांबून मारा करतात आणि तिथला बॉस नवख्या हाताला फार जड जातो. पूर्वेपासून सुरुवात कर. तिथला बॉस म्हणजे एक अजस्र बेडूक आहे. तिथवर पोचेपर्यंत लहान बेडकांनी तुला बसणं-झेप-आदळणं शिकवलेलं असतं, त्यामुळं त्याच्या चाली अगदीच परक्या वाटत नाहीत. वाटेतली सगळी मॉड्यूल, म्हणजे त्या भागात लपवलेले तुकडे, शोधल्याशिवाय पुढं जाता येत नाही असं समजू नको, काही राहिली तरी चालतात. पूर्व झाली की गावात परत ये, बिट खर्च कर, मग पश्चिमेच्या स्फटिकांच्या जंगलात जा. उत्तर त्यानंतर. दक्षिणेची वाट हे तिन्ही झाल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळं तिची काळजी आत्ता नको.

पूर्वेत एखाद्या खोलीत फारच अडलास तर तेवढ्याच खोलीचं छोटं रेकॉर्डिंग करून टाक. रेकॉर्डिंगनं लॅपटॉपवर अजून ताण येतो, म्हणून फोन समोर धरून काढलंस तरी चालेल. वार बसायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात तू कुठं उभा होतास आणि कुणाकडं तोंड करून होतास, ते बघून पुढचं सांगतो.